देवासचा राजा, गोळेश्वरचा पैलवान

मी देवासची, राज्यशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे घरात मराठी आणि उंबरठा ओलांडला की हिंदी. धार, देवास ही पवारांची संस्थानं. त्यातही देवास म्हणजे एका गावात दोन राज्यं, थोरली पाती आणि धाकटी पाती. शाळेत आम्हाला हे कुणी धड शिकवलं नाही, आजीनं सांगितलं.

आज बोलायचंय ते खाशाबा जाधवांबद्दल. तुम्ही म्हणाल, ते तर कराडचे, देवासचा काय संबंध? सांगते.

शाहू महाराजांची लेक अक्कासाहेब आमच्या थोरल्या पातीत दिली होती. त्यांचे चिरंजीव विक्रमसिंहराव पवार इथले राजे झाले. पुढे 1947 साली ते कोल्हापूरला दत्तक गेले आणि शहाजी छत्रपती म्हणून गादीवर बसले. ज्यांनी खासबागचं मैदान बांधलं, त्या शाहूंचा हा नातू. लगेच पुढच्या वर्षी लंडनला ऑलिम्पिक होतं आणि राजाराम कॉलेजचा एक पोरगा त्यासाठी निवडला गेला. त्याच्या प्रवासाचा खर्च कोल्हापूरच्या महाराजांनी उचलला. म्हणजे आमच्या देवासच्याच माणसानं! मला हे कळलं तेव्हा खरंच अंगावर काटा आला.

खाशाबांचा जन्म 15 जानेवारी 1926 चा, गोळेश्वरचा. वडील दादासाहेब स्वतः पैलवान. शाळा कराडची टिळक हायस्कूल. सगळी कुस्ती लाल मातीतली. लंडनला पहिल्यांदा मॅटवर उतरले, नियमही नवे, तरी फ्लायवेट गटात सहावे आले.

आता चार वर्षांनी काय झालं बघा. 1949 मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. आमचं देवास त्याआधीच मध्य भारतात गेलं होतं. विलीनीकरण बरोबरच होतं, त्याबद्दल माझं दुमत नाही. पण पैलवानाला पैसे देणारा राजा गेला आणि त्याच्या जागी आलेल्या सरकारला हे आपलं काम आहे असं अजून वाटत नव्हतं. 1952 ला हेलसिंकीला जायचं तर खाशाबा दारोदार वर्गणी मागत फिरले. गावकऱ्यांनी जमेल तसं दिलं. कमी पडले तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी आपलं राहतं घर गहाण टाकून 7000 रुपये उभे केले. प्राध्यापकाच्या पगाराच्या त्या काळात 7000! आम्ही वर्गात 'राज्यसंस्थेची जबाबदारी' यावर पंधरा मार्कांचं उत्तर लिहितो, त्यात हे घर कुठंच येत नाही.

हेलसिंकीत बँटमवेट गटात त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या इशीशी कुस्ती लांबली, थोडक्यात गेली. इशीला पुढं सुवर्ण मिळालं. सांगतात की त्या दमवणाऱ्या कुस्तीनंतर मधली विश्रांती न देताच त्यांना सोव्हिएत मल्लासमोर उभं केलं, आणि हरकत घ्यायला आपला एकही अधिकारी तिथं नव्हता. तरी कांस्यपदक आलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. दुसरं यायला 1996 उजाडलं, लिअँडर पेसचं.

कराड स्टेशनवर 151 बैलगाड्या आल्या होत्या. पण मला जास्त आवडतं ते त्यानंतरचं: खाशाबांनी कुस्त्यांची मैदानं भरवली, स्वतः लढले आणि त्या पैशातून खर्डेकरांचं घर सोडवलं.

1955 ला ते पोलिसात फौजदार झाले. बढतीला फार वर्षं लागली, निवृत्त होता होता असिस्टंट कमिशनर झाले. 14 ऑगस्ट 1984 ला अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी. दिल्लीत 2010 साली कुस्तीच्या स्टेडियमला त्यांचं नाव दिलं.

आमच्या देवासात हा धागा फारसा कुणाला माहीत नाही. मी वर्गात सांगितला तेव्हा शेजारच्या मुलीनं विचारलं, "पण मग ते महाराज आपले की कोल्हापूरचे?" मी म्हटलं, आईकडून कोल्हापूरचे, बापाकडून आपले. ती म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखंच, माझं आजोळ निपाणीचं."