विलायती बूट : किंमत आणि मोल

आज बोलायचे आहे ते बुटांविषयी. आणि तेही बंद बांधायच्या, कातडी तळाच्या, साहेबी बुटांविषयी. तुमच्यांपैकी कित्येकजण म्हणतील, "आम्हांला आमची वहाण पुरे. या विलायती बुटांशी आमचं काय देणंघेणं?" खरे आहे. पण महाग वस्तू महाग का असते आणि ती खरोखरच तितकी चांगली असते का, हा प्रश्न बैल घेताना पडतो तसाच जोडा घेतानाही पडतो. इंग्रजी बुटाच्या बाबतीत त्याचे उत्तर शोधणे सोपे जाते. बूट उलटा करावा, वाकवावा, गरज पडली तर उसवावा, की त्याची करणी डोळ्यांसमोर येते.

इंग्लंडच्या साधारण मध्यावर नॉर्थॅम्प्टन नावाचे शहर आहे. आसपास गुरांना चांगली कुरणे, ओकच्या झाडांची साल आणि नेन नदीचे पाणी. कातडे कमवायला आणखी काय लागते? तेव्हा हा धंदा तिथे फार पूर्वीच रुजला. 1642 साली तिथल्या काही चर्मकारांनी मिळून फौजेसाठी हजारो जोड्यांचे काम घेतले होते, आणि त्याचे पैसे वसूल करायला त्यांना पुढे वर्षानुवर्षे झगडावे लागले. सरकारी बिलाची कथा सगळीकडे सारखीच! त्या शहराच्या फुटबॉल संघाला लोक लाडाने 'कॉब्लर्स' म्हणतात, म्हणजे चांभार. आपल्याकडे एखाद्या तालमीने हे नाव छातीवर मिरवलेले मी तरी ऐकलेले नाही.

आजही नावाजलेले बहुतेक कारखाने याच मुलखात आहेत. ट्रिकर्स 1829 चे, चर्च 1873 चे, क्रॉकेट अँड जोन्स 1879 चे, एडवर्ड ग्रीन 1890 चे. जवळच्या केटरिंग गावात लोक आणि अर्ल्स बार्टनमध्ये बार्कर, हे दोन्ही 1880 चे. नावे लक्षात ठेवायची गरज नाही. यांच्यातला स्वस्तातला आणि महागातला जोडा शेजारी शेजारी ठेवला तर किमतीत चौपटीहून अधिक अंतर पडते, एवढे मात्र ध्यानात असू द्या. हे अंतर येते कुठून, ते आता पाहू.

पहिली गोष्ट कातड्याची. एका बुटात निदान दोन जातींचे कातडे असते. वरचे कातडे वासराचे, मऊ, बहुधा क्रोमच्या क्षारांनी कमावलेले. तळाचे कातडे जाड, झाडाच्या सालीत कमावलेले. डेव्हन परगण्यात कोलिटन इथे बेकर यांचा एक जुना कारखाना आहे. तिथे तळाचे कातडे ओकच्या सालीच्या हौदांत जवळजवळ वर्षभर मुरते. घाई केली की कातडे बाहेरून कमावल्यासारखे दिसते आणि पोटात कच्चे राहते. आपल्याकडे कोल्हापुरी वहाणेचे कातडेही बाभळीची साल आणि हिरडा यांतच कमावतात, तेव्हा ही विद्या आपल्याला परकी नाही. उलट, एके काळी सह्याद्रीतला हिरडा मुंबईहून जहाजे भरभरून विलायतेला जात असे, तो तिथल्या कातडी कारखान्यांसाठीच. तिकडच्या बाजारात हिरड्याच्या प्रतींना जी नावे होती, त्यांत आपल्या वेंगुर्ल्याचेही नाव होते.

आता वरच्या कातड्याची पारख कशी करायची? चांगल्या कातड्याची जन्मजात साय शाबूत असते. ज्या कातड्यावर ओरखडे असतात, गोचिडांचे डाग असतात, ते घासून गुळगुळीत करतात आणि वर रंगाचा जाड लेप देतात. दुकानात हाच जोडा आरशासारखा चमकतो आणि नवख्या माणसाची नजर नेमकी त्याच्यावरच जाते! बोटे जिथे वाकतात तिथे अंगठ्याने हलकेच दाबून पाहा. चांगल्या कातड्यावर बारीक सुरकुत्या उमटतात आणि विरतात. लेपाच्या कातड्यावर रुंद, ताठ घडी पडते, आणि पुढे तिथेच भेग जाते. एकदा वरच्या कातड्याला भेग गेली की बूट संपला म्हणा. तळ बदलता येतो, वरचे कातडे बदलता येत नाही.

दुसरी गोष्ट शिवणीची, आणि माझ्या मते खरी मेख इथे आहे. तळ तीन प्रकारे बसवतात. एक, नुसता चिकटवून. आज जगातले बहुतेक बूट असेच असतात. दुसरा प्रकार ब्लेक नावाच्या अमेरिकन गृहस्थाच्या 1858 च्या यंत्राचा. यात आतल्या तळापासून बाहेरच्या तळापर्यंत एकच शिवण आरपार जाते. बूट हलका होतो, पण शिवणीच्या भोकांतून ओल आत शिरायला वाट मिळते. तिसरा प्रकार पट्टीचा. बुटाच्या कडेने कातड्याची एक अरुंद पट्टी फिरवतात. तिला वेल्ट म्हणतात. वरचे कातडे, आतला तळ आणि ही पट्टी एका शिवणीने जोडतात. मधल्या पोकळीत बुचाचा भुगा भरतात. मग बाहेरचा तळ दुसऱ्या शिवणीने फक्त त्या पट्टीला शिवतात. म्हणजे तळ झिजला की बाहेरची शिवण कापायची, नवा तळ लावायचा, आणि आतल्या शिवणीला हातही लावायचा नाही. हे काम पूर्वी हाताने, आरीने होत असे. 1870 च्या आसपास चार्ल्स गुडइयर या नावाच्या माणसाने त्याचे यंत्र चालते केले. रबर पक्के करण्याची युक्ती काढणाऱ्या गुडइयरचा हा मुलगा.

शिक्षकबंधूंना एक सुचवतो. असा एखादा टाकाऊ जोडा मिळाला तर मोच्याकडून उभा चिरून घ्या आणि वर्गात ठेवा. दोन शिवणी, पट्टी, बुचाचा थर, सगळे मुलांना एका नजरेत दिसेल.

आता गंमत ऐका. मघा ज्या चौपट किमतीचा उल्लेख केला, त्या स्वस्तातल्या आणि महागातल्या दोन्ही जोड्यांची ही शिवण एकाच पद्धतीची, गुडइयरच्या यंत्राची असते! मग जास्तीचे पैसे कशाचे? काही कातड्याचे. महागाचा कारखाना वासराच्या कातड्यातला निवडक भागच घेतो आणि बाकीचा सोडून देतो. काही वेळाचे. कातडे ताणून घडवायचा लाकडी फर्मा अधिक डौलदार असतो आणि बूट त्याच्यावर जास्त दिवस ठेवतात, त्यामुळे आकार धरून राहतो. तळाची शिवण कातड्यात चीर पाडून आत लपवलेली असते, कंबर बारीक कोरलेली असते, वरचे टाके अधिक दाट असतात. हे सगळे सुंदर आहे, कसबाचे आहे. पण टिकाऊपणा चौपट होत नाही. स्वस्तातल्याकडून मधल्या पायरीवर गेलात तर कातड्यात खरा फरक पडतो आणि आयुष्यही वाढते. त्याच्या वर जे देता ते डौलाचे, आणि थोडेसे नावाचेही. डौलाला पैसे द्यायला माझी ना नाही. फक्त ते टिकाऊपणाच्या खात्यावर मांडू नयेत. आणि तुमच्या पायाच्या मापाचा स्वतंत्र फर्मा कोरून केलेला लंडनचा जोडा तर हजारो पौंडांचा. त्याची गोष्टच निराळी.

आता हिशेब करू. लोक नेहमी सांगतात, "महाग घ्या, शेवटी स्वस्तच पडतं." पडते का? समजा, चिकटवलेल्या तळाचा बूट साठ पौंडांना मिळतो आणि वर्षभर टिकतो. दहा वर्षांचे सहाशे पौंड. पट्टीचा बूट तीनशेला घेतला, दहा वर्षांत तीनदा कारखान्याकडून तळ बदलून घेतला आणि दर खेपेस एकशेवीस पडले, तर झाले सहाशेसाठ. म्हणजे महाग ते महागच! पण तेच काम गावातल्या हुशार मोच्याने साठात केले तर चारशेऐंशी. बचत झाली ती बुटावरच्या नावामुळे नव्हे, दुरुस्ती करणाऱ्या हातामुळे. ज्या गावात पट्टीची शिवण जाणणारा कारागीर नाही, तिथे हा बूट घेऊन फायदा अर्धाच. नाही तर कोणीतरी तळाला खिळे ठोकतो, पट्टी फाटते आणि सगळीच करणी वाया जाते.

नावावरून आठवले. चर्च ही कंपनी 1999 साली इटलीच्या प्राडाने आपल्या ताब्यात घेतली. जून 2025 मध्ये मिलानच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या चपला मांडल्या आणि त्यांचा मूळ धागा सांगितला नाही म्हणून आपल्याकडे ओरड झाली, ती हीच प्राडा. पुढे कंपनीने ते मान्य केले. काही इंग्रजी नावांचे कमी किमतीचे जोडे तर आपल्या भारतातच तयार होतात. तेव्हा पेटीवर छापलेले गाव आणि बूट शिवणारे गाव एकच असेल असे धरून चालू नये.

जोडा घ्यायचाच झाला तर संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात. इंग्रजी मापात लांबीचा आकडा असतो आणि रुंदीचे अक्षरही असते. एका आकड्याने लांबी इंचाच्या तिसऱ्या हिश्शाने वाढते. बोटे चेपत असतील तर आकडा वाढवू नका, रुंद अक्षराचा मागा. आणि लागोपाठ दोन दिवस एकच जोडा घालू नये. पायाचा घाम कातड्यात मुरतो. तो सुकायला एक दिवस लागतो. आत लाकडी साचा घालून ठेवला तर घड्या पडत नाहीत. भिजलेला बूट चुलीपाशी मात्र कधीही ठेवू नका. सावलीत, आडवा करून ठेवा, म्हणजे तळालाही वारा लागतो.