इंजेक्टर बदलण्याआधी

(छत्रपती संभाजीनगर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



साहित्य, इतिहास आणि अध्यात्म यांच्या रांगेत संयोजकांनी एक संध्याकाळ इंजिनाला दिली, याचा मला मनापासून आनंद आहे. हे शहर गाड्यांवर जगतं. १९८५ साली वाळूजला बजाजचा कारखाना उभा राहिला आणि त्याच्या आधाराने सुटे भाग करणारे शेकडो लघुउद्योग आले. पुढे शेंद्र्याला स्कोडा आली, आणि बिडकीनला टोयोटाचा प्रकल्प यायचा आहे. अशा शहरात गॅरेजच्या दारात रोज विचारला जाणारा प्रश्न व्याख्यानाचा विषय व्हायलाच हवा. तो प्रश्न असा: "इथेनॉलमुळे गाडीचं अ‍ॅव्हरेज पडलं, पिकअप गेला. कमी खर्चात मोठा इंजेक्टर टाकून घेऊ का?"

माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. आज पंपावर मिळणाऱ्या ई-२० साठी, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलसाठी, इंजेक्टर बदलू नका. तेच पैसे दुसरीकडे लावायचे आहेत. कुठे आणि का, ते आता बघू.

इथेनॉल आपल्याकडे अचानक आलेलं नाही. २००१ साली देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे जे पहिले प्रायोगिक प्रकल्प झाले, त्यांत मिरज आणि मनमाड ही महाराष्ट्रातली दोन ठिकाणं होती. मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून मराठवाड्यात टँकर येतात, म्हणजे ही गोष्ट आपल्या दाराशीच सुरू झाली. २००३ मध्ये ५ टक्क्यांचा कार्यक्रम काही राज्यांत लागू झाला आणि मग बरीच वर्षं रेंगाळला. २०१४ च्या सुमारास देशातलं सरासरी मिश्रण जेमतेम दीड टक्का होतं. २०२२ च्या जूनमध्ये ते १० टक्क्यांवर पोचलं, आणि २०३० साठी ठेवलेलं २० टक्क्यांचं उद्दिष्ट पाच वर्षं अलीकडे ओढलं गेलं. वेग वाढला तो या शेवटच्या टप्प्यात, आणि सामान्य माणसाची तारांबळ उडाली तीही याच टप्प्यात. पंपावर जुन्या गाडीसाठी वेगळी नळी ठेवली गेली नाही. मला हे चुकीचं वाटतं. ज्याच्याकडे २०१२ ची मोटारसायकल आहे, त्याला निवड मिळायला हवी होती.

आता रसायनाकडे येऊ. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते. एक किलो इथेनॉलला ९ किलो पुरते, कारण इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन आधीच असतो. म्हणजे सिलिंडरमध्ये हवा तेवढीच आली, तर इथेनॉल जास्त ओतावं लागतं. ई-२० साठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येतं. लिटरच्या हिशोबात शुद्ध पेट्रोलपेक्षा साडेसात टक्के आणि ई-१० पेक्षा जेमतेम चार टक्के जास्त इंधन लागतं.

मायलेजचं गणितही इथेच आहे. लिटरभर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, लिटरभर इथेनॉलमध्ये २१. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-१० साठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींचं मायलेज ई-२० वर ६ ते ७ टक्के आणि दुचाकींचं ३ ते ४ टक्के घटेल, असा अंदाज दिला आहे. ही घट इंधनातच आहे. कुठलाही इंजेक्टर, कितीही महागडा, ती भरून काढू शकत नाही. आणि उलट बाजूने पाहा: तुमची गाडी ५० वरून ४८ वर आली असेल तर ते इथेनॉल, ४० वर आली असेल तर दोष दुसरीकडे आहे आणि तो शोधला पाहिजे.

इंजेक्टर करतो काय? दाबाखालचं पेट्रोल त्याच्या मागे उभं असतं. ईसीएमने, म्हणजे इंजिनाच्या नियंत्रक संगणकाने, वीज दिली की सुई उचलली जाते, तोंडाच्या बारीक भोकांतून फवारा सुटतो, वीज तुटली की सुई बसते. इंधन किती जायचं हे ठरतं ते तो किती वेळ उघडा राहतो यावर. दीडशे सीसीची मोटारसायकल आठ हजार आरपीएमवर आहे असं धरा. क्रँकच्या दोन फेऱ्यांत एक चक्र पुरं होतं, त्याला १५ मिलिसेकंद मिळतात. पूर्ण रेसवर शुद्ध पेट्रोलसाठी इंजेक्टर १० मिलिसेकंद उघडा राहत असेल, तर दोनतृतीयांश वेळ वापरला. ई-२० वर तो पावणेअकरा मिलिसेकंद राहील. १५ पैकी पावणेअकरा. ऐंशी टक्क्यांच्या पुढे नेऊ नये असा सर्वसाधारण दंडक आहे, आणि आपण त्याच्या बरेच आत आहोत.

हा वाढीव वेळ कुणी सांगायचीही गरज नसते. सायलेन्सरच्या नळीवरचा ऑक्सिजन सेन्सर मिश्रण सुकं पडल्याचं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी असल्याचं, ईसीएमला कळवतो आणि ईसीएम वेळ वाढवतो. स्कॅनरवर हे 'फ्युएल ट्रिम' म्हणून दिसतं. साधारण वीस-पंचवीस टक्क्यांपर्यंतची दुरुस्ती ईसीएमच्या हातात असते. ई-२० त्यातले चार ते आठ टक्के घेतं.

मग गाडी का अडखळते? दोष इथे सापडतो. पाच-सहा वर्षं चाललेल्या इंजेक्टरच्या तोंडाशी राळ बसलेली असते. त्याचा प्रवाह दहा टक्क्यांनी कमी झाला असेल, तर ईसीएम ते आजवर निमूट भरून काढत होता. त्यावर इथेनॉलचे आठ टक्के चढले. शिवाय फिल्टर अर्धा तुंबलेला, पंप थकलेला. दुरुस्तीची मर्यादा संपली की मग सकाळी स्टार्टिंगला त्रास, चढावर मिसिंग, डॅशबोर्डवर पिवळा दिवा. लोक म्हणतात इथेनॉलने इंजेक्टर लहान पडला. तो लहान नव्हताच, घाण झाला होता. अल्ट्रासॉनिक टाकीत साफ करून पुन्हा मोजला, तर हरवलेला बहुतेक प्रवाह परत येतो. कमी पैशातलं इंजेक्टरचं 'अपग्रेड' म्हणतात ते हेच, आणि ते नव्या इंजेक्टरच्या किमतीच्या छोट्या हिश्श्यात होतं. साफ करण्याच्या आधी आणि नंतर मोजमाप दाखवा, असा आग्रह मात्र धरा. न मोजता केलेली सफाई म्हणजे फक्त बिल.

दुसरा खर्च रबरावर करा. इथेनॉल साधं रबर फुगवतं, मग ते ठिसूळ होतं. जुन्या होजपाइप आणि इंजेक्टरच्या ओ-रिंग नायट्राइलच्या असतील, तर फ्लुओरोइलास्टोमरच्या घाला. बाजारात 'व्हायटॉन' म्हणून मागा. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांत भाग ई-२० ला टिकणारे असतात, त्याआधीच्या गाडीत हे तपासावं लागतं. इंजेक्टरची ओ-रिंग गेली तर पेट्रोल तापलेल्या इंजिनावर ठिबकतं. हा प्रश्न अ‍ॅव्हरेजचा नाही, जिवाचा आहे.

तिसरं म्हणजे टाकी. इथेनॉल पाणी शोषतं, आणि पाणी फार झालं की पेट्रोलपासून वेगळं होऊन तळाशी बसतं. पंप तळातूनच ओढतो. महिनोन्‌महिने उभी राहणारी गाडी पावसाळ्यात अर्ध्या टाकीवर ठेवू नका. भरून ठेवा, म्हणजे आत दमट हवेला जागा राहत नाही. जुन्या टाकीतली साचलेली राळही इथेनॉल सोडवतं. म्हणून ई-२० वर आल्यानंतरच्या पहिल्या काही टाक्यांनंतर फिल्टर बदलणं शहाणपणाचं.

कार्ब्युरेटरवाल्यांना सेन्सर नाही, ईसीएम नाही, आणि २०२० च्या आधीच्या बहुतेक दुचाक्या कार्ब्युरेटरच्याच आहेत. त्यांचं मिश्रण सुकं पडलं तर ते सुकंच राहतं. प्लग पांढराफटक दिसतो, इंजिन तापतं, रेस सोडली की सायलेन्सर फुटफुटतो. त्यांनी मेन जेट एका पायरीने वाढवावा. जेटवरचा आकडा व्यासाचा असेल, तर ई-१० ला जुळलेल्या १०० च्या जागी १०२ पुरतो. भोकाचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं, म्हणून दोन टक्के व्यासात चार टक्के इंधन मिळतं. ११० टाकणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत. त्यात पेट्रोल वाया जातं आणि प्लग काळा होतो. भोक तारेने मोठं करण्याचा मोह तर पूर्ण टाळा.

आता मोठ्या इंजेक्टरची खरी गरज कुणाला? ई-८५ किंवा त्याहून वरचं इंधन चालवणाऱ्याला. आपलं तेच उदाहरण घ्या: १० मिलिसेकंदांच्या जागी ई-८५ ला सव्वाचौदा लागतील आणि शुद्ध इथेनॉलला साडेपंधराच्या जवळ. चक्रच १५ चं आहे. वेळ उरतच नाही. ब्राझीलने हे फार आधी ओळखलं. १९७५ मध्ये त्यांनी अल्कोहोल-इंधनाचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला, १९७९ मध्ये फियाट १४७ इथेनॉलवर धावली, २००३ मध्ये फोक्सवॅगनच्या गोलने कुठलंही मिश्रण चालवून दाखवलं, २००९ मध्ये होंडाची मोटारसायकल आली. आपल्याकडे २०१९ मध्ये टीव्हीएसने अपाचे आरटीआर २०० ची ई-१०० आवृत्ती आणली, तीत दोन फवाऱ्यांची इंजेक्शन व्यवस्था होती. या सगळ्या गाड्यांत इंजेक्टरबरोबर सॉफ्टवेअर आणि इंधनाच्या संपर्कातले भागही त्याच इंधनासाठी ठरवले गेले.

स्वस्तात हे करू पाहणारे दोन वाटा धरतात. पहिली, दाब वाढवायचा. प्रवाह दाबाच्या वर्गमुळाने वाढतो. ३ बारचे ४ केले तर हाती लागतात १५ टक्के. ई-८५ साठी ४२ हवेत, म्हणजे सुमारे ६ बार. मूळ पंप तिथवर पोचत नाही, आणि दाब चढतो तसा त्याचा स्वतःचा प्रवाह उतरतो. दुसरी वाट, मोठ्या गाडीचा जुना इंजेक्टर बसवायचा. त्याच्या कॉइलचा रोध आधी मीटरने मोजा. आपल्या बहुतेक गाड्यांत तो १२ ते १६ ओहम असतो. दोन-तीन ओहमचा लावला, तर ईसीएममधलं ड्रायव्हर सर्किट जळू शकतं. रोध जुळला तरी ईसीएमला नव्या इंजेक्टरचा प्रवाह ठाऊक नसतो. आयडलला पेट्रोल जास्त पडतं, ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं आणि रिंगा झिजतात. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात गाडीत मनाने बदल करण्यावर बंधन आहे, आणि वॉरंटी व विम्याचा दावा तिथेच अडतो. शर्यतीच्या बंद ट्रॅकसाठी, ट्यून करता येणाऱ्या ईसीएमसह, हे काम जरूर शिका. रोज वाळूजला ड्युटीवर जाणाऱ्या गाडीवर करू नका.

पंपावरच्या पेट्रोलची शंका असेल, तर साधी चाचणी आहे. शंभर मिलिलिटरच्या खुणांच्या काचनळीत १० पाणी, ९० पेट्रोल घ्या. उघड्यावर, आगीपासून लांब. हलवून ठेवा. इथेनॉल पाण्यात उतरतं. खालचा थर २८ च्या आसपास आला तर ते ई-२०. कितीतरी जास्त आला तर त्या पेट्रोलची तक्रार करा.

संयोजकांपुढे आणि सभागृहातल्या उद्योजकांपुढे एक मागणी ठेवतो. इंजेक्टर मोजायचं बाकडं म्हणजे एक पंप, एक दाबमापक, ठरावीक स्पंद देणारं सर्किट आणि चार काचनळ्या. पॉलिटेक्निकची शेवटच्या वर्षाची मुलं हे एका सत्रात बांधू शकतात. शासकीय तंत्रनिकेतनात किंवा आयटीआयमध्ये असं एक बाकडं बसवावं आणि महिन्यातून एक दिवस ते शहरातल्या लहान गॅरेजवाल्यांसाठी खुलं ठेवावं. ज्यांना हात लावायचा आहे, त्यांनी व्याख्यान संपल्यावर थांबावं. नावं आजच लिहून घेऊ.