सात पापें आणि सावकाराचें देऊळ

(गांवच्या वाचनालयांत एका शिक्षकानें दिलेलें भाषण)



ख्रिस्ती धर्मांत सात महापापें मानलीं आहेत: गर्व, लोभ, कामवासना, मत्सर, खादाडपणा, क्रोध आणि आळस. आपण भजनकीर्तनांत षड्रिपु ऐकतों, त्यांची ही भावकीच दिसते. काम, क्रोध, लोभ, मत्सर दोहोंकडे आहेत; मद म्हणजे गर्वच. पण आपल्या सहांत आळस नाहीं, त्यांच्या सातांत तो आहे. हा आळस पुढें कोणाच्या गळ्यांत बांधला गेला, आणि लोभ मात्र मागील दारानें कसा निसटला, एवढेंच आज सांगावयाचें आहे.

ही सातांची यादी बायबलांत अशी कोठेंही नाहीं. ती माणसांनीं केली. चवथ्या शतकांत मिसर देशाच्या वाळवंटांत एकांतांत राहणारे साधु होते. दोर वळावे, टोपल्या विणाव्या, त्यांवर पोट भरावें आणि प्रार्थना करावी. त्यांच्यांतील इव्हाग्रिअस हा विद्वान साधु सन ३९९ मध्यें वारला. मनाला छळणारे आठ दुष्ट विचार त्यानें लिहून ठेवले. त्यांतला एक असा: भर दुपारीं सूर्य जागचा हालत नाहींसा वाटतो, साधु पुन्हां पुन्हां बाहेर डोकावतो, हातचें काम नकोसें होतें, दुसरीकडे गेलों तर बरें होईल असें वाटूं लागतें. यालाच पुढें आळस म्हणूं लागले. पण हा अंगाचा आळस नव्हे; हा घेतल्या वशाचा कंटाळा. असा माणूस दिवसभर धांवपळ करील, दहा घरीं जाऊन येईल, आणि तरीही या पापांत असेल. मी शाळेंत मुलांना पाहतों आणि त्यांच्या बापांनाही पाहतों. हातांत फोन, बोट एकसारखें सरकतें आहे, पाहावयाचें कांहींच नाहीं. इव्हाग्रिअसानें त्यांस तेव्हांच ओळखलें असतें.

सहाव्या शतकाच्या अखेरीस पोप ग्रेगरीनें आठांचीं सात केलीं. सन १२१५ च्या धर्मसभेनें ठरविलें कीं प्रत्येकानें वर्षांतून एकदां तरी पाद्र्याजवळ पापें कबूल करावीं. म्हणजे पाप कोणतें आणि प्रायश्चित्त कोणतें हें सांगणारा मध्यस्थ गांवोगांव बसला. जोतीरावांचीं पुस्तकें ज्यांनीं वाचलीं आहेत त्यांस पुढची गोष्ट सांगावयास नको.

आतां लोभाचें पाहूं. व्याज खाणें हें लोभाचें उघड रूप. सन ११७९ च्या धर्मसभेनें फर्माविलें कीं उघड व्याजखाऊला ख्रिस्ती दफन मिळूं नये, व त्याचें दानही कोणीं घेऊं नये. कागदावर याहून चोख काय पाहिजे! पण इटलींतील पादुआ शहरांत काय झालें तें ऐका. तेथें स्क्रोवेन्यी नांवाचें सावकाराचें घराणें होतें. बाप रेजिनाल्डो याच्या व्याजाची कीर्ति एवढी कीं दांते कवीनें आपल्या काव्यांत त्याला नरकांत, व्याजखाऊंच्या घोळक्यांत बसविलें आहे. मुलगा एन्रिको यानें सन १३०० मध्यें जागा विकत घेऊन प्रार्थनामंदिर बांधलें. बापाच्या पापाची फेड म्हणून बांधलें, असें सांगतात. भिंती रंगविण्यास जोत्तो हा नामांकित चितारी आणला. तें मंदिर आजही उभें आहे.

त्याच्या भिंतींवर एका बाजूस सात सद्गुण आणि समोर सात दुर्गुण माणसांच्या रूपानें काढले आहेत. मूर्खपणा, चंचलता, क्रोध, अन्याय, अश्रद्धा, मत्सर, निराशा. पुन्हां मोजा. लोभ नाहीं! जाणते म्हणतात, समोरच्या सद्गुणांच्या जोडीस जोड म्हणून हे निवडले. असेल. पण सावकाराच्या देवळांत नेमकी लोभालाच जागा मिळूं नये, ही जोडणी मोठी सोयीची खरी. चितारी अगदींच मुका नव्हता. दाराच्या भिंतीवर शेवटच्या न्यायाचें चित्र आहे. त्यांतील नरकांत व्याजखाऊ आपल्याच थैल्यांच्या दोऱ्यांनीं लटकत आहेत. आणि एन्रिको? तो त्याच चित्रांत पुण्यवानांच्या बाजूला, गुडघे टेकून देऊळ अर्पण करीत आहे. दान घेऊं नये हा दंडक होता. दान घेतलें गेलें.

आणि आळस गरिबाकडे गेला. सोळाव्या शतकांत इंग्लंडांत जमीनदारांनीं सामाईक जमिनींस कुंपणें घालून मेंढ्या चारल्या. कैक कुळें देशोधडीस लागलीं. सन १५४७ च्या कायद्यानें ठरलें कीं धडधाकट असून कामावांचून फिरेल त्याच्या छातीवर डाग द्यावा व त्याला दोन वर्षें गुलाम करावें. कायदा इतका क्रूर कीं सन १५५० मध्यें रद्द करावा लागला.

आपल्या मुलखांत तरी निराळें काय झालें? सन १८७५ च्या मे महिन्यांत सुप्यास, व मग पुणें आणि नगर जिल्ह्यांत, कुणब्यांनीं सावकारांचीं खतें जाळलीं. शहाणे लोक म्हणत, कुणबी लग्नांत उधळतो म्हणून बुडतो. पण चौकशीस बसलेल्या सरकारी कमिशननेंच लिहिलें कीं कर्जाचें कारण म्हणून लग्नखर्चाचें स्तोम नको तितकें माजविलें गेलें आहे. वाढलेला सारा, पडलेले कापसाचे भाव आणि व्याजावर व्याज, हें कोणी पाप म्हणून मोजीत नव्हतें. सन १९२५ मध्यें डोनाल्डसन नांवाच्या एका पाद्र्यानें लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबींत निराळींच सात पापें सांगितलीं. त्यांत श्रमावांचून संपत्ति हें एक आहे. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत गांधींनीं तशीच यादी 'यंग इंडिया' पत्रांत छापली.

आज सावकाराची पेढी फोनमध्यें आली आहे. दोन मिनिटांत कर्ज, जामीन नको, कागद नको. हप्ता चुकला कीं मेव्हण्याला, व्याह्याला फोन जातात, आणि लोक म्हणतात, हौस नडली. घेणाऱ्याची हौस सर्वांस दिसते, देणाऱ्याचा दर कोणी विचारीत नाहीं. तो मुकाट्यानें सोसूं नका. कर्ज देणाऱ्या ॲपनें तुमच्या फोनांतील नंबरांच्या यादीस हात लावूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें सन २०२२ मध्यें बजावलें आहे. गांवच्या सावकारालाही सन २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानें परवाना लागतो, दिलेल्या पैशाची पावती द्यावी लागते. बिनपरवाना सावकारानें कर्जापोटीं जमीन लिहून घेतली असेल, तर ती परत मिळण्यासाठीं जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करतां येतो. अर्ज लिहावयाचा असेल त्यांनीं शाळा सुटल्यावर यावें, येतांना खत आणि सातबारा आणावा.