खारट घाम



वडूजचा उन्हाळा आपण सगळ्यांनी सोसलाय. शाळेतून घरी जाईपर्यंत शर्टावर मिठाचे पांढरे डाग पडायचे. ब्रिटनमध्ये मी ज्या श्वसनविभागात काम करतो, तिथे मीठ ही आजाराची खूण आहे. सिस्टिक फायब्रोसिस झालेल्या बाळाचा पापा घेतला, की आईच्या ओठांना खारट लागतं. छातीतला कफ डिंकासारखा चिकट. पोटभर खाऊनही मूल वाळत जातं. आपल्याकडे त्याला कधी कुपोषण म्हणतात, कधी टीबी.

मिठाच्या पाण्याचं नेब्युलायझर, छातीचा व्यायाम, जेवणाबरोबर एन्झाइम हे रोजचंच. २०१९ मध्ये अमेरिकेत ट्रायकाफ्टा आलं, २०२० मध्ये आमच्याकडे काफ्ट्रिओ नावानं. अनेकांचा कफ थोड्याच दिवसांत सुटतो, वजन वाढतं. पण यकृतावर लक्ष ठेवावं लागतं, अंगावर पुरळ उठू शकतं. काहींची तर झोप उडते, मन खचतं. घरचे म्हणतात, "आता श्वास लागत नाही ना, मग रडतोस कशाला?" पेशंट गप्प होतो. म्हणून मी हल्ली आधी झोपेचं विचारतो, मग खोकल्याचं.

२०१९ मध्ये अमेरिकेत या गोळ्यांची छापील किंमत वर्षाला सुमारे ३ लाख डॉलर होती. शिवाय ज्या जनुकदोषावर त्या हमखास चालतात, तो भारतीय मुलांत तुलनेनं कमी सापडतो. तेव्हा गावात असं मूल दिसलं, तर घामातल्या क्लोराइडची तपासणी सुचवा. निदान झालेलं असेल, तर डॉक्टरांना विचारून उन्हाळ्यात त्याच्या ताकात मीठ जास्त घाला.