जुनी दुचाकी आणि नवें तेल

हिंगोलीहून वाशीमकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग १६१ वर, मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या शिवेवर, कनेरगांव नाका नांवाचें गांव आहे. एके काळीं एका बाजूस निजामाचें राज्य आणि दुसऱ्या बाजूस इंग्रजांच्या कारभारांतील वऱ्हाड, अशी येथील स्थिति होती. राज्यें गेलीं, पण नाका हा शब्द गांवाच्या नांवास चिकटून राहिला. पुढें १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वाशीम जिल्हा निघाला आणि १ मे १९९९ रोजीं परभणीपासून हिंगोली. तेव्हां या गांवांत १९९६ सालची एखादी मोटारसायकल असेल, तर ती या दोन्ही जिल्ह्यांहून वयानें वडील ठरते. तिच्या पाटीवर एम एच २२ म्हणजे परभणीचा अंक असावयाचा. हिंगोलीचा ३८ हा अंक तिच्या मागाहून जन्मास आला.

अशा गाडीचा मालक डोळ्यांसमोर आणावा. थोडी शेती, तींत हळद आणि सोयाबीन, मुलगी वाशीमच्या महाविद्यालयांत. सकाळची एस. टी. चुकली कीं मुलीस पोंचविण्याचें काम या शंभर सी. सी.च्या गाडीकडे येतें. ती कायमची बंद पडली तर नवी घेण्यास लाखाच्या आसपास रक्कम हवी, आणि घरांत जी कांहीं शिल्लक आहे ती मुलीच्या पुढील शिक्षणासाठीं बाजूस काढलेली. तेव्हां हें इंजिन आणखी पांच वर्षें निभावणें ही त्या घराची खरोखरीची गरज आहे. असा गृहस्थ तेल घेण्यास दुकानांत जातो. दुकानदार म्हणतो, "काका, हे फुल सिंथेटिक न्या, गाडी लोण्यावाणी चालंल." शेजारचा मिस्त्री म्हणतो, "काका, म्हातारीला पक्वान्न पचत नसतं. साधंच ओता, नाही तर चहूकडून गळायला लागंल." दोघांचेंही म्हणणें ठाम आणि दोघांचेंही अर्धवट.

वंगणाची गरज आपल्या लोकांस नवी नाहीं. बैलगाडीच्या आंसाला घालावयाच्या वंगणाची नळी गाडीखालीं टांगलेली असे, आणि ती रिकामी झाली कीं चाकाचा करकर आवाज शिवारभर ऐकूं जाई. इंजिनांतील तेलाचेंही पहिलें काम तेंच: धातूवर धातू घासूं न देणें. परंतु मोटारसायकलच्या पोटांत त्यास आणखी चार कामें करावीं लागतात. पिस्टनची उष्णता वाहून न्यावयाची, जळालेल्या पेट्रोलाची काजळी आपल्यांत धरून ठेवावयाची, गिअरच्या दात्यांमध्यें चेंगरून घ्यावयाचें, आणि क्लचच्या पट्ट्या त्याच तेलांत बुडालेल्या असतां त्यांस घसरूं द्यावयाचें नाहीं. मोटारगाडींत गिअरचें तेल निराळें असतें. या लहान गाडींत एक लिटरच्या आंतबाहेरचें तेल सर्वांचीच चाकरी करतें.

साधें म्हणजे खनिज तेल जमिनींतून निघालेल्या कच्च्या तेलापासून गाळून काढतात. त्यांत लहानमोठे, आंखूड आणि लांब, नाना तऱ्हेचे रेणू मिसळलेले असतात. मेण आणि गंधकही थोडेंफार राहून जातें. सिंथेटिक तेलांत रेणू ठरवून घडविलेले असतात. त्यांतला एक प्रकार इथिलीन वायूपासून टप्प्याटप्प्यानें जुळवितात, दुसरा एस्टर जातीचा, जो जेट विमानांच्या इंजिनांत वापरला जातो. सर्व रेणू बहुतेक एकसारखे असल्यामुळें हें तेल थंडींत लवकर गोठत नाहीं, उष्णतेंत लवकर पातळ होत नाहीं, आणि जळून चिकट होण्यासही अधिक वेळ लावतें. एस्टर हें नांव परकें वाटलें तरी वस्तु ओळखीची आहे, कारण आपलें एरंडेलही रसायनशास्त्राच्या दृष्टीनें एस्टरच होय. पहिल्या महायुद्धांतील कित्येक विमानांची फिरतीं इंजिनें एरंडेलावरच चालत. वेकफील्ड यांच्या कंपनीनें १९०९ सालीं आपल्या तेलास जें कॅस्ट्रॉल नांव दिलें, तें कॅस्टर म्हणजे एरंड या शब्दावरूनच. एरंडेलाचा दोष एवढाच कीं तें लवकर चिकट होऊन बसतें.

परंतु डब्यावर सिंथेटिक असें छापलेलें प्रत्येक तेल असें घडविलेलें असतेंच असें नाहीं. कच्च्या तेलापासूनच निघालेलें तेल हायड्रोजनच्या साह्यानें, मोठ्या दाबाखालीं, अधिक शुद्ध करतां येतें. त्यास सिंथेटिक म्हणावें कीं नाहीं यावरून अमेरिकेंत कॅस्ट्रॉल आणि मोबिल यांच्यांत वाद झाला, आणि तेथील जाहिराती तपासणाऱ्या संस्थेनें १९९९ सालीं तसें म्हणण्यास हरकत नाहीं असा निर्णय दिला. तेव्हांपासून हा शब्द बराच सैल झाला. तेल वाईट नव्हे. पण दुप्पट किंमत मोजणाऱ्यानें ती कशाची मोजतों हें जाणलेलें बरें.

आतां डब्यावरील आंकडे. २० डब्ल्यू ४० यांतील डब्ल्यू म्हणजे विंटर, हिंवाळा. पहिला आंकडा थंडींतील वागणूक सांगतो, दुसरा शंभर अंश सेल्सिअस उष्णतेंतील घट्टपणा. थंडीची ही परीक्षा २० डब्ल्यू तेलासाठीं शून्याखालीं १५ अंशांवर घेतात, १० डब्ल्यूसाठीं शून्याखालीं २५ अंशांवर आणि ५ डब्ल्यूसाठीं शून्याखालीं ३० अंशांवर. कनेरगांवीं पौषांतली पहांट कितीही बोचरी असली तरी पारा शून्याखालीं जात नाहीं. म्हणजे सिंथेटिक तेलाचा जो गुण युरोप-अमेरिकेंत सर्वांत अधिक वाखाणला जातो, त्याचा या गांवास फारसा उपयोग नाहीं. लडाखला जावयाचें असेल तर गोष्ट निराळी.

उष्णतेची बाजू मात्र खरी आहे. वैशाखांत पारा चाळिशीच्या वर जातो, गाडी वाऱ्यानें थंड होणारी, आणि ऊंस किंवा कडबा भरलेल्या ट्रॅक्टरच्या मागें दुसऱ्या गिअरमध्यें रखडावें लागलें म्हणजे तो वाराही मिळत नाहीं. तेलाची उष्णता दर दहा अंशांनीं वाढली कीं त्याच्या नासण्याचा वेग सुमारें दुप्पट होतो, हा रसायनशास्त्रांतील ठोकताळा. येथें सिंथेटिक तेल निःसंशय अधिक तग धरतें. पण तेल केवळ उष्णतेनें नासत नाहीं. जुन्या कार्बुरेटरमधून येणारें जादा पेट्रोल, झिजलेल्या रिंगांवरून उतरणारी काजळी, रस्त्याची धूळ, हें सर्व त्या एका लिटरांत सांठतें. या वयाच्या पुष्कळ शंभर सी. सी. गाड्यांत कागदी ऑइल फिल्टरही नसतो. एक जाळी आणि गरगर फिरून मळ बाजूस फेंकणारी एक वाटी, एवढीच व्यवस्था. मळलेलें महाग तेल हें मळलेलेंच. तेव्हां "सिंथेटिक आहे, सहा हजार किलोमीटर पाहूं नका" हा सल्ला जुन्या गाडीस लागू करणें धोक्याचें आहे, आणि लांब मुदत गेली कीं दुप्पट किमतीचें मुख्य समर्थनच गेलें.

मिस्त्रीच्या गळतीच्या भयांत कांहीं तथ्य आहे काय? पूर्वीं होतें. पहिल्या पिढीच्या सिंथेटिक तेलांनीं रबरी सील किंचित् आकसत; खनिज तेलानें ते फुगून घट्ट बसलेले असत. आतां ती उणीव भरून काढणारे पदार्थ तेलांतच मिसळतात. आज गळती दिसते ती बहुधा दुसऱ्या कारणानें. सील आधींच कडक होऊन चिरलेला असतो, त्या चिरेंत वर्षानुवर्षांचा गाळ बसून ती बुजलेली असते, आणि नवें तेल तो गाळ धुऊन काढतें. असा सील बदलावयास शंभर-दोनशें रुपयांहून फारसें अधिक लागूं नये. तेलास दोष देऊन तो तसाच ठेवणें हा आळस झाला.

"सिंथेटिकनें क्लच घसरतो" हाही असाच समज. क्लच घसरतो तो घर्षण कमी करणाऱ्या मिश्रणांमुळें, आणि तीं मोटारगाडीच्या तेलांत असतात, मग तें साधें असो वा सिंथेटिक. म्हणूनच जपानी मोटारधंद्याच्या जासो या संस्थेनें १९९८ सालीं दुचाकीच्या तेलासाठीं निराळें प्रमाण बांधलें. डब्यावर जासो एम ए किंवा एम ए २ असें असलें म्हणजे ओल्या क्लचची चिंता नाहीं. एम बी हें गिअर नसलेल्या स्कूटरसाठीं. सिंथेटिक कीं साधें हें पाहण्याआधीं ही दोन अक्षरें पाहावीं. ग्राहक नेमकीं तींच पाहात नाहीं.

मग आपल्या गृहस्थानें काय करावें? गाडीच्या पुस्तिकेंत सांगितलेला अंक, त्या काळच्या गाड्यांस बहुधा २० डब्ल्यू ४०, आणि जासो एम ए असलेलें विश्वासू कंपनीचें साधें तेल घ्यावें, आणि अडीच ते तीन हजार किलोमीटरला तें न चुकतां बदलावें. दिवसाला पन्नास किलोमीटर धरले तर दोन महिन्यांस एक डबा. साधा डबा ४०० रुपयांचा आणि सिंथेटिक ९०० चा असें उदाहरणासाठीं धरूं. वर्षांत सहा वेळां ५०० म्हणजे ३००० रुपये वांचतात. तेवढ्यांत एअर फिल्टर, चेन-स्पॉकेट आणि ब्रेक-शू बदलून होतात, आणि त्यांचा उपयोग इंजिनास व बसणारास दोघांसही आहे. किमतींत फार अंतर नसेल तर अर्ध-सिंथेटिकही चालेल. इंजिन धडधाकट असून उन्हाळ्यांत रोज दोघांचें ओझें घेऊन लांब पल्ला असेल, तर पूर्ण सिंथेटिकही योग्य, पण अंक तोच ठेवून. झिजलेल्या इंजिनांत पातळ तेल ओतणें म्हणजे तें सायलेन्सरवाटे जाळणें.

निळा धूर येऊं लागला असेल, दर पंधरा दिवसांनीं तेलाची पातळी खालीं जात असेल, तर दोन्ही तेलें निरुपयोगी. तेथें बोअर-पिस्टनचें काम हवें. तें केल्यानंतर पहिले पांचशें किलोमीटर साधेंच तेल घालावें, कारण नव्या रिंगा थोड्या घासूनच बसतात. मग तें काढून टाकावें. नोंदणीचीं पंधरा वर्षें उलटलेल्या गाडीस दर पांच वर्षांनीं परिवहन कार्यालयापुढें उभें राहावें लागतें, आणि तेथें हा धूर लपत नाहीं.

हिरो होंडानें १९८५ सालीं आपली सीडी १०० बाजारांत आणली तेव्हां "भरा, झांका, विसरा" अशा अर्थाची तिची जाहिरात होती. ती पेट्रोलासंबंधीं होती. लोकांनीं ती तेलासही लावली, आणि पुष्कळ चांगलीं इंजिनें त्यापायीं गेलीं. दर आठवड्यास, गाडी मधल्या स्टँडवर उभी करून, थंड इंजिनाची तेलकांडी पुसून पाहावी. तिच्या दोन खुणांमधील पातळी ही कोणत्याही जाहिरातीपेक्षां अधिक सांगते.

राजदूत किंवा आर एक्स १०० अशा दोन-ठोक्यांच्या गाड्या ज्यांनीं जपून ठेविल्या आहेत त्यांचा प्रश्न निराळा. तेथें तेल पेट्रोलाबरोबर जळूनच जावयाचें असतें, आणि गिअरपेटीचें तेल स्वतंत्र. जुन्या बिडाच्या इंजिनाच्या बुलेटमध्येंही इंजिन, गिअर आणि क्लच यांचीं तेलें वेगवेगळीं असतात.

राहतां राहिली खोट्या मालाची गोष्ट. वापरलेलें काळें तेल गाळून, नांवाजलेल्या कंपनीच्या जुन्या डब्यांत भरून विकण्याचा धंदा चालतो. तेव्हां सील स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें, डबा आपल्यासमोर उघडवावा, जुनें तेल मातींत किंवा ओढ्यांत न ओततां मिस्त्रीच्या पिंपांत जाऊं द्यावें, आणि रिकाम्या डब्याच्या तळाला खिळ्यानें भोंक पाडून मगच तो टाकावा.