वेळापूरच्या सिस्टरबाई

आम्ही चौथी शिकलेले शेतकरी. शंभर वर्षांचा इतिहास सांगायला थोर मंडळी बसलीत. आम्हाला एका बाईंविषयी बोलायचंय. दिंडीच्या वहीत त्यांचं नाव कुठंच नाही.

जुन्या वारकऱ्यांना सिस्टरबाई आठवत असतील. केरळच्या, कोट्टायमकडच्या, ख्रिस्ती. नर्सिंग शिकून वेळापूरजवळच्या एका दवाखान्यात आल्या. त्या मुलखातल्या कितीतरी पोरी अशाच घर सोडून निघाल्या. कुणी मुंबईला, कुणी आखातात, कुणी पार जर्मनीला. बाईंच्या घरी जमीन टीचभर, पाठची भावंडं चार. पगार झाला की पहिली मनीऑर्डर वडलांना. दोन बहिणी उजवल्या, भावांना शिकवलं, मग स्वतःचं लग्न. रात्रपाळीपायी लेक आजीजवळ ठेवली. आपली माणसं ऊसतोडीला जाताना लेकरं म्हाताऱ्यांपाशी टाकून जातात, तसंच की हे.

खुडूसचं रिंगण करून दिंडी वेळापूरला टेकली की ड्यूटी संपवून बाई आमच्या तंबूत यायच्या. पत्र्याची पेटी, कापूस, कात्री, पट्ट्या. खाली बसून एकेकाचा पाय मांडीवर घ्यायच्या. कुणी सुईनं फोड फोडायला लागला की ओरडायच्या, "वरची कातडी हीच पट्टी आहे, बाबा!" साखरेचा आजार असला तर पायाला जखम झालेली कळत नाही, म्हणून रोज तळवे बघा, हे आम्ही पहिल्यांदा त्यांच्याकडून ऐकलं. जुलाब लागले तर एक लिटर स्वच्छ पाणी, सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. हे तर हरिपाठासारखं पाठ करून घेतलं आमच्याकडून.

एकदा आम्ही जरा टोचूनच विचारलं, "बाई, तुमचा देव निराळा. मग हे कशापायी?" त्या हसल्या. त्यांच्याकडं पेरियार नदीकाठी मलयाट्टूरचा डोंगर आहे. ईस्टरच्या आधी लोक खांद्यावर लाकडी क्रूस घेऊन तो चढतात. त्यांची आई दर वर्षी अनवाणी चढायची. "खाली उतरली की अम्मचीचे पाय मीच धुवायची," म्हणाल्या. त्या उपवासात पन्नास दिवस मांस-मासळी शिवत नाहीत. आणि आम्ही पंधरवड्यातून एक दिवस धरतो, तोही साबुदाण्याच्या खिचडीवर!

आता मुख्य गोष्ट. एका वर्षी बाईंना यायला रात्रीचे नऊ वाजले. तंबूत म्हातारी माणसं कण्हत पडलेली. पाण्याचं आणि तंबूचं काम आमच्याकडं, अंगात तरुणपणाची रग. आम्ही सगळ्यांदेखत बोललो, "यायचं नव्हतं तर कळवायचं. माणसं वाट बघून मेली इथं." बाई काही बोलल्या नाहीत. खाली बसल्या. चाळीसेक जणांचे पाय केले त्या रात्री. एका म्हातारीचा पाय धरून बराच वेळ नुसत्याच बसून राहिल्या. आम्हाला वाटलं, दमल्या असतील.

पुढच्या वर्षी दवाखान्यातल्या आयाबाईनं सांगितलं. त्या दिवशी संध्याकाळी तार आली होती, आई गेल्याची. तेव्हा कोकण रेल्वे नव्हती, ती पुरती सुरू झाली 1998 ला. कुर्डुवाडीला गाडी धरायची अन् सोलापूर, वाडी, गुंतकल करत लांबच्या फेऱ्यानं जायचं. माती काही मिळणार नव्हती. सकाळच्या गाडीला निघायचं ठरवून बाई आधी तंबूत आल्या. आल्या, आणि आमचं बोलणं ऐकून घेतलं.

आम्ही गेलो पाया पडायला. बाईंनी वाकू दिलं नाही. "महाराज, चप्पल बदला, टाच फुटलीय," एवढंच म्हणाल्या. आम्ही आजवर हजार कीर्तनं केली असतील, क्षमा-शांतीवर तर किती! पण त्या दिवशी तोंडातून शब्द निघाला नाही. अजूनही त्या विषयावर उभं राहिलं की घसा धरतो.

निवृत्त होऊन बाई लेकीजवळ राहायला गावी गेल्या. जाताना पेटी दिंडीला दिली. सामानाच्या ट्रकात ती अजून असते, पट्ट्या आम्ही दर साली नव्या भरतो. वहीत नोंद आहे तेवढीच: पत्र्याची पेटी, 1 नग.