पोथ्यांचा राखणदार

मंडळी, आज आपण परशुराम कृष्ण गोडे यांची गोष्ट ऐकू. माणूस आपल्या कोकणातलाच. १८९१ साली देवरुखास जन्मले. १९१९ साली पुण्याच्या भांडारकर संस्थेत पोथ्या सांभाळायच्या कामावर लागले, ते १९६१ साली वारले तोवर तिथेच.

हाताने लिहिलेल्या हजारो पोथ्या त्यांच्या ताब्यात. दुसरा कोणी असता तर कपाटाला कुलूप लावून घरी गेला असता. गोडे पोथीचे फडके सोडून वाचीत बसत. शोधीत काय? तंबाखू आपल्या देशात केव्हा आली, दारूकाम कधी सुरू झाले, घोड्याला चणे केव्हापासून घालतात! नथ आपण पुरातन मानतो ना? इसवी सन १००० च्या आधीच्या ग्रंथांत त्यांना नाकातला दागिनाच सापडेना. आमच्या घरी हे कोणाला पटले नाही, ती गोष्ट निराळी.

पोथी लिहिणारा बहुधा शेवटच्या पानावर नाव, गाव, साल घालतो. पोथीचा काळ ठरवायला गोड्यांना ते पान फार मोलाचे. आपल्या विजयदुर्गाची हवा ओली. आमच्या माळ्यावर एक पोथी होती. वाळवीने नेमके शेवटचे पान खाल्ले. ती कोणी लिहिली, कधी लिहिली, आता कोणालाच सांगता येत नाही.